बाळाचा पहिला नैवेद्य

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



बाळ जन्मलं की आजी मधाचं बोट चाटवते. भाव निर्मळ असतो. पण मधातले काही जंतू वर्षाच्या आतील बाळाच्या जिवावर बेतू शकतात. त्याचा नैवेद्य भगवंताने आईजवळच ठेवला आहे. तासाभरात पाजावे, पहिले घट्ट पिवळे दूध टाकू नये. सहा महिने फक्त आईचे दूध. डॉक्टरांचे औषध वेगळे, पण माळव्याच्या उन्हाळ्यातही वरचे पाणी नको.

सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करावे. मुहूर्तासाठी लांबवू नका, कारण बाळाच्या अंगातला लोहाचा साठा तोवर सरत येतो. आणि एकदा खीर चाटवली म्हणजे झालं असं नाही बरं का! दुसऱ्या दिवसापासून मऊ मूगखिचडी, कुस्करलेली पालेभाजी, केळं, थोडं तूप. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत चालू ठेवावे.

घरात बाळंतीण सून असेल तर तिचं ताट आधी वाढा. गुरुचरणी हीच सेवा रुजू होते.

जय गुरुदेव 🙏