गेटाच्या आतलं प्रदर्शन

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वस्ती आहे, समाज नाही, असं शहरातल्या जाणत्यांच्या तोंडून वरचेवर ऐकू येतं. रोगाचं निदान करणारेच औषधही देतात: बजाजनगरात सामूहिक चित्रप्रदर्शन भरवा, विषय ठेवा ‘आपलेपणा’. कामगारांनी आणि त्यांच्या बायकापोरांनी चित्रं काढायची, आपण उद्घाटनाला जायचं, चहा घ्यायचा आणि गहिवरून सिडकोत परत यायचं.

समाज नाही म्हणणाऱ्यांनी एकदा आषाढीला पंढरपूरला यावं. चंद्रभागेकाठच्या नव्हे, नगर रस्त्यावरच्या, औद्योगिक वसाहतीला खेटून असलेल्या छोट्या पंढरपूरला. ज्याला रजा मिळत नाही त्याचा विठोबा इथे भेटतो. त्या गर्दीत जालना, बीड, परभणी, बुलढाणा सगळं टाळ वाजवत असतं. कुणाच्या संकल्पनेची त्यांना गरज पडलेली नाही.

कलेतून वस्तीकडे जाण्याचा मार्गच खोटा, असं मात्र नाही. 2015 मध्ये धारावीत ‘अ‍ॅली गल्ली बिनाले’ झालं. आरोग्याचं काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या संस्थेने ते घडवलं, आणि भिंतीवर काही लागण्याआधी रहिवाशांनी कलावंतांबरोबर कार्यशाळांमध्ये काम केलं. पुढच्या वर्षी ‘डिझाइन म्युझियम धारावी’ हे फिरतं संग्रहालय गल्ल्यांत फिरलं. त्याने धारावीत बनलेल्या वस्तू मांडल्या. धारावीकरांचं दुःख नव्हे. हा फरक आमच्या आयोजकांना दिसत नाही. यांना कामगाराचं काम नको, त्याचं गावाकडचं घर हवं. कागदावर कौलं, विहीर आणि वाट पाहणारी आई आली की यांचा आपलेपणा पुरा.

इथे मला सिमोन वेल आठवते. तत्त्वज्ञान शिकवणारी ही फ्रेंच बाई डिसेंबर 1934 मध्ये पॅरिसच्या आल्स्तोम कारखान्यात साधी कामगार म्हणून लागली, पुढच्या वर्षी रेनोमध्ये. हात भाजले, डोकं दुखायचं, ठरलेला माल निघायचा नाही. उखडलेल्या माणसांवरचं तिचं पुस्तक तिच्या मृत्यूनंतर, 1949 मध्ये आलं. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते कारखान्यातल्या जगण्याबद्दलचं तिचं टिपण. ती म्हणते, कारखान्यात सुटा भाग फिरतो तो स्वतःचं कार्ड घेऊन: नाव, आकार, कच्चा माल सगळं त्यावर असतं. आणि काही मोठ्या कारखान्यांत माणूस गेटातून शिरतो तो छातीवर नंबर लावलेला फोटो दाखवत, कैद्यासारखा. वस्तूंना ओळख आहे, माणसं मात्र बदलता येणारे सुटे भाग.

वाळूजच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये हे आजही पाहायला मिळेल. जॉबला, म्हणजे घडवलेल्या भागाला, टॅग असतो, बॅच नंबर असतो. नापास झाला तर तो का झाला याचाही कागद असतो. कंत्राटी पोराला मुदत संपली की फक्त गेटपास परत द्यायचा असतो.

म्हणून बरेच दिवस माझं मत सरळ होतं: आपलेपणा चित्रांनी येत नाही, परमनंटच्या पत्राने येतो. पगार वाढवा, कायम करा, मग काय रंगवायचं ते रंगवा. हे मत मी अजून सोडलेलं नाही. पण त्याने सगळा हिशेब मिटत नाही. 1985 मध्ये बजाजचा कारखाना इथे सुरू झाला, तेव्हा लागलेली पिढी आता निवृत्त झाली. त्यांतले कित्येक कायम होते, त्यांनी घरं बांधली, पोरं शिकवली. मात्र त्यांतल्या किती पोरांनी बापाचं मशीन पाहिलंय? 9 ऑगस्ट 2018 च्या बंदमध्ये इथल्या कंपन्यांची तोडफोड झाली. ती कुणी केली ते पोलीस आणि न्यायालय बघतील. मला दिसतं ते एवढंच की या वसाहतीत वाढलेल्या पोराने कंपनीची बहुधा कुंपणभिंतच पाहिलेली असते.

वेलला हे कळलं होतं. ठरावीक वेळी घरच्यांना कारखान्यात येऊ द्यावं, कामगाराने त्यांना आपली जागा दाखवावी, असं ती सुचवते. तिच्या बाकीच्या योजना, मोठे कारखाने मोडून छोट्या कार्यशाळा वगैरे, मला भाबड्या वाटतात. ही एक अजिबात नाही.

सुरक्षेचं काय, असं व्यवस्थापन लगेच विचारेल. इंजिनिअरिंगच्या पोरांची व्हिजिट होते, ग्राहकाचे ऑडिटर शॉपफ्लोअरवर हिंडतात, तेव्हा सुरक्षेचा चष्मा आणि बूट मिळतातच की. काही कंपन्या ‘फॅमिली डे’ करतात, हेही ठाऊक आहे. संगीतखुर्ची होते, जेवण होतं. लेथ दाखवायला तेवढा वेळ उरत नाही.

प्रश्न नुसता दाखवण्याचा नाही, नावाचाही आहे. आपल्याच जिल्ह्यात, अजिंठ्याच्या दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावर वासिठीपुत कटहादी या दात्याचं नाव कोरलंय. आत खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज शिकाऱ्याने 1819 मध्ये स्वतःचं नाव खरडलं. एकाने पैसे दिले, दुसऱ्याने नुसतं पाहिलं. ज्यांनी डोंगर फोडला त्यांचं नाव त्या दानलेखात नाही.

तेव्हा प्रदर्शन भरवाच, पण गेटाच्या आत. ‘मसिआ’ ही आपल्या लघुउद्योजकांची संघटना औद्योगिक प्रदर्शनं भरवतेच. जानेवारी 2024 मध्ये शेंद्र्याला मोठं झालं. पुढच्या प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक जॉबशेजारी तो करणाऱ्याचं नाव आणि गाव लिहा, कंत्राटी असला तरी लिहा. आणि एक दिवस शॉपफ्लोअर त्याच्या घरच्यांसाठी उघडा.