खूण स्थिर दिसेपर्यंत

इंजिन अजून सुरू करू नका. स्टूल ओढा, बसा, आणि आधी नुसतं बघा. माझदाच्या आरएक्स-७ गाडीतलं १३बी इंजिन तुम्ही खोललं, धुतलं, नवी सील घालून पुन्हा बांधलं आणि स्वतः घडवलेल्या विमानाच्या नाकात बसवलं. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. (पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं रोटरी इंजिन निराळं. त्यात सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत. हे वांकेलचं, यात सिलिंडर नाहीत, पिस्टन नाहीत, व्हॉल्व्हही नाहीत.)

आता मनातल्या मनात शाफ्ट अगदी हळू फिरवा. शाफ्टचे तीन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक पुरा होतो. म्हणजे शाफ्टच्या दर फेऱ्याला रोटरची नवी बाजू प्लगांसमोर येते, हवा-पेट्रोल दाबलं जातं, जागा कमी कमी होत जाते. शाफ्टवरचा एक्सेंट्रिक उंचवटा नेमका प्लगांकडे रोखला जातो, तो क्षण टीडीसीचा, म्हणजे टॉप डेड सेंटरचा. इथे जरा थांबा. इंजिन बांधताना हा क्षण उघड्या डोळ्यांनी दिसतो. कव्हर लागलं की तो झाकला जातो, आणि मग पुलीवरच्या खुणेच्या भरवशावर राहावं लागतं. जुन्या पुलीवर दुसऱ्याच इंजिनाच्या रंगाची रेघ असू शकते. सेन्सरच्या गिअरचा एखादा दात इकडचा तिकडे बसलेला असू शकतो. माझ्या मते ठिणगीचं टायमिंग लावण्याचं निम्मं काम टायमिंग लाइट हातात येण्याआधीच होतं: खूण खरी आहे, हे स्वतः पाहण्यात.

आता आत चला, ज्वालेपाशी. इथली जागा लांबट आणि चपटी असते, आणि टीडीसीजवळ रोटरच्या घराच्या (हाउसिंगच्या) आवळलेल्या कमरेमुळे तिचे जणू दोन भाग पडतात. ज्वाला रोटरच्या दिशेने पुढे धावते, मागे सरकायला मात्र नाखूश असते. म्हणून प्रत्येक रोटरला दोन प्लग. कमरेच्या खालचा लीडिंग. मुख्य काम त्याचं. वरचा ट्रेलिंग, मागे राहिलेलं मिश्रण पेटवणारा. ट्रेलिंगचं भोक मुद्दाम बारीक ठेवलेलं असतं, कारण त्यावरून सील जाताना दोन्ही बाजूंच्या दाबात मोठा फरक असतो आणि मोठ्या भोकातून वायू निसटला असता. दुसऱ्या पिढीच्या आरएक्स-७ मध्ये आयडलला लीडिंगची ठिणगी टीडीसीनंतर ५ अंशांवर पडते आणि ट्रेलिंगची २० अंशांवर. गाडीसाठी हे ठीक. विमानाचं इंजिन मात्र तासन् तास एकाच चढ्या वेगात चालतं. तिथे लीडिंगची ठिणगी टीडीसीच्या बरीच आधी लागते. टर्बो नसलेल्या इंजिनात बरेच जण २० ते २५ अंशांच्या आसपास राहतात.

आधी का, यावर थोडा वेळ रेंगाळा. ६००० आरपीएमला शाफ्ट सेकंदाला शंभर फेरे मारतो, म्हणजे ३६,००० अंश. एका मिलिसेकंदात ३६ अंश सरतात. मिश्रण पेटायला, ज्वाला पसरायला, दाब चढायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणाच्या घाईने कमी होत नाही. म्हणून ज्या दाबाची गरज नंतर लागणार, त्याची ठिणगी आधी टाकायची.

किती आधी, हा मोहाचा प्रश्न. टायमिंग थोडं पुढे घेतलं की आरपीएम वाढल्यासारखा वाटतो, हात अजून थोडं पुढे सरकतो. मागे राहिलं तर शक्ती घटते, एक्झॉस्ट तापतो, आणि रोटरीचा एक्झॉस्ट मुळातच फार तापट. पण फाजील पुढे गेलं तर डिटोनेशन होतं आणि त्याचा पहिला घाव रोटरच्या टोकांवरच्या एपेक्स सीलवर बसतो. याच सिलांनी माझदाच्या इंजिनीअरांना जेरीस आणलं होतं. सुरुवातीच्या इंजिनांत ती घरावर ओरखडे पाडत. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोटो यांच्या चमूने कार्बन-अॅल्युमिनियमची सील घडवली, तेव्हा कुठे १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीला आली. सील तुटलं तरी हे इंजिन बहुधा लगेच बंद पडत नाही, अशक्त होऊन चालत राहतं. स्वतः विमान बांधणाऱ्यांना ते आवडण्याचं हे एक कारण. तरीही दोन चुकांतली एक निवडायचीच असेल, तर मी दोन अंश मागे राहीन.

आता उठा. चाकांना अडण्या लावा, शेपूट जमिनीला बांधा. गिअरबॉक्स आणि पंखा फ्लायव्हीलच्या टोकाला असल्यामुळे गाडीतली पुढची बाजू इथे फायरवॉलकडे येते. पुली त्या अरुंद फटीत असते आणि जवळच फिरता पंखा, जो नीट दिसतही नाही. कॉकपिटमध्ये दुसरा जाणकार माणूस बसवा. टायमिंग लाइटची क्लिप पहिल्या रोटरच्या लीडिंग वायरवर लावा आणि बीम सरळ धरा; तिरकं पाहिलं तर दोन-तीन अंश तसेच खोटे दिसतात. हजारो फेरे मारणारी पुली उभी राहिल्यासारखी दिसेल. खूण थरथरत असेल, तर आकडा वाचू नका, थरथर कशाने येते ते शोधा. ती एका जागी टिकली की मगच वाचा. घाई नाही. नंतर वेग वाढवून पुन्हा वाचा, कारण आयडलवरचा बरोबर आकडा वर चुकू शकतो.

मग एकेक प्लगसंच बंद करून बघा. ट्रेलिंग बंद केल्यावर आरपीएम जरासा उतरेल, लीडिंग बंद केल्यावर जास्त. नेहमीच्या विमानांतल्या दोन मॅग्नेटोंसारखे हे दोघे समान नाहीत, त्यामुळे इथे दोन सारख्या घसरणींची अपेक्षा धरू नका. तुमच्या इंजिनाची घसरण किती ते टिपून ठेवा.

अंश, आरपीएम, तापमान आणि इंधन लॉगबुकात लिहा. पहिल्या उड्डाणाआधी इंजिन पुरतं गरम करून तेच माप पुन्हा घ्या. आकडा हलला असेल, तर त्या दिवशी उडू नका.