पद्धत कोणाची बरी?

आपल्या संस्थेच्या सभासदांत अशी कुटुंबे आता थोडीच असतील की, ज्यांचे एकही माणूस परदेशी नाही. ही मंडळी सुटीत घरी येतात, चार वस्तू बरोबर आणतात, आणि वस्तूंमागोमाग एक वादही घरात शिरतो. तिकडची पद्धत बरी की इकडची? वाद वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो क्षुल्लक नाही. जे आपल्याहून वेगळे, ते आपल्याहून हीन किंवा श्रेष्ठ असलेच पाहिजे काय? आणि तसे नसेल, तर सर्वच पद्धती सारख्या चांगल्या मानावयाच्या काय? आमच्या घरी एका जळालेल्या यंत्राने आम्हांस यावर विचार करावयास लावले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या हिवाळ्यात आमचे आतेबंधू सहकुटुंब अमेरिकेहून आले. वहिनींनी आमच्या मातोश्रींकरिता तिकडचा मिक्सर आणला होता. त्याची पिन आमच्या भिंतीतील भोकांत बसेना, तेव्हा बाजारातून अॅडॅप्टर आणला. चटणीकरिता ओले खोबरे घातले, बटण दाबले. यंत्राने भयंकर आवाज केला, धूर निघाला आणि ते कायमचे बंद पडले. मातोश्री म्हणाल्या, "एवढी वाखाणलेली वस्तू, आणि इतकी तकलादू!" वहिनींचा चेहरा उतरला. आतेबंधू जरा रागानेच म्हणाले, "मामी, वस्तू उत्तम आहे. इथली वीजच धड नाही." मग कोणी कोणाशी बोलेना. तेव्हा तीर्थरूपांनी यंत्र उपडे करून तळाची पट्टी वाचून दाखविली : १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. अॅडॅप्टरने पिनेचा आकार तेवढा जुळविला होता. विजेचा दाब होता तसाच राहिला होता. दोष वस्तूचा नव्हता, आणि विजेचाही नव्हता.

हे आकडे तरी आले कोठून? एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र उभारले, तेव्हा त्या काळच्या दिव्यांना मानवेल असा सुमारे ११० व्होल्टचा दाब ठेवला. अमेरिका त्याच्याच आसपास राहिली. युरोपने पुढे याच्या दुप्पट दाब पत्करला. जपानची कथा तर याहून बोधप्रद आहे. टोकियोने १८९५ साली जर्मनीहून जनित्रे आणली, ती ५० हर्ट्झची. ओसाकाने पुढील वर्षी अमेरिकेहून आणली, ती ६० हर्ट्झची. आजही त्या एका देशाच्या पूर्वेस ५० आणि पश्चिमेस ६० असा भेद आहे. मार्च २०११ मधील भूकंपानंतर पूर्वेकडे विजेचा तुटवडा पडला. पश्चिमेकडून वीज घ्यावी, तर तिचे रूपांतर करणाऱ्या केंद्रांची शक्ती सुमारे १० लाख किलोवॅटच होती. पाहिजे तितकी वीज पलीकडे जाईना. येथे ५० खरे की ६०, हा प्रश्नच निरर्थक आहे. दोन्ही केवळ संकेत आहेत, रस्त्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूने चालण्यासारखे. कर्तव्य एवढेच की, दोन संकेतांमध्ये पूल बांधून ठेवावा, आणि तो गरज पडण्यापूर्वी बांधावा.

दुसऱ्या प्रकारचे भेद गरजेतून उत्पन्न होतात. इंग्रज माणसाच्या घरी चहाकरिता विजेची किटली हटकून असते, अमेरिकनाच्या घरी ती कमी आढळते; यावरून ते एकमेकांस हसतात. परंतु इंग्लंडमधील किटली ३००० वॅटपर्यंत वीज घेऊ शकते. अमेरिकेत १२० व्होल्टच्या साध्या जोडणीवर ती सुमारे १५०० वॅटचीच असते, म्हणून तेवढ्याच पाण्यास दुप्पट वेळ लागतो. शिवाय तेथे कॉफीची आवड अधिक. जपानात भात हे मुख्य अन्न, म्हणून तोशिबा कंपनीने १९५५ साली आपोआप बंद होणारे भाताचे भांडे विक्रीस काढले. आपल्याकडे भिजविलेली डाळ, सुके खोबरे, हळकुंड हे सारे वाटावे लागते. परदेशी मिक्सर या कामास टिकेनात, म्हणून १९६० नंतरच्या दशकात सत्यप्रकाश माथुर यांनी 'सुमीत' हा दणकट मिक्सर येथेच घडविला. ज्याला जे खावयाचे, त्याप्रमाणे त्याचे यंत्र. यात कोणी मागासलेला नाही आणि कोणी पुढारलेलाही नाही.

येथवर आम्ही मोठे समाधानी होतो. सर्व पद्धती आपापल्या ठिकाणी योग्य, असा निष्कर्ष काढून वाद मिटविण्याच्या बेतात होतो. परंतु जळालेल्या मिक्सरमुळे भिंतीतील जोडणी तपासण्यास वायरमन आला, आणि त्याने सांगितले की, घरातील एकाही तीन पिनांच्या जोडणीस अर्थिंग नाही. तिसरे भोक होते, पण त्याच्या मागे तारच नव्हती.

तेव्हा आम्हांस आठवण झाली. आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशी दोन वर्षे सांगत होत्या की, कपडे धुण्याच्या यंत्रास ओला हात लागला की झिणझिण्या येतात. आम्ही त्यांस लाकडी पाटावर उभे राहावयास सांगून मोकळे झालो होतो. "मशीन म्हटले की थोडा करंट यावयाचाच, आपल्याकडे असेच चालते," हे आमचे उत्तर. इंग्लंडमध्ये १९४७ साली ठरलेल्या नमुन्यात तिसरी पिन मुद्दाम लांब ठेवली आहे. ती आधी आत जाते, जमिनीशी संबंध जोडते, आणि मगच विजेच्या भोकांवरील झडपा उघडतात. आपल्या पिनेतही तिसरा खांब जाड व लांब आहे, तो याच हेतूने. यंत्रात बिघाड झाला तर विजेला माणसाच्या देहाऐवजी तारेतून जमिनीत जाण्यास वाट मिळावी. ही वाट न ठेवणे ही काही आपली निराळी पद्धत नव्हे, तो निव्वळ निष्काळजीपणा होय. ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बाईच्या देहातून जाणारी वीज बडोद्यात आणि बोस्टनमध्ये सारखेच काम करते.

सारांश, भेद तीन प्रकारचे असतात. संकेताचे भेद सोसावे, गरजेचे भेद समजून घ्यावे. परंतु जेथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न येतो, तेथे 'आमची पद्धत' ही सबब चालू देऊ नये. आमची चूक अशी की, पहिल्या दोहोंवरून आम्ही घरात भांडलो आणि तिसऱ्याकडे दोन वर्षे डोळेझाक केली. ज्याच्यावरून आपला मान दुखावतो तेथे आपण वाद घालतो; ज्याचा चटका दुसऱ्यास बसतो तेथे आपण फार उदार व सहनशील होतो.

दोन दिवसांत अर्थिंगचे काम झाले. मातोश्रींनी वहिनींजवळ आणि मावशींजवळही आपली चूक बोलून दाखविली. पहिलीपेक्षा दुसरी गोष्ट त्यांस जड गेली, हे त्यांनीच आम्हांस सांगितले. सभासद बंधुभगिनींस विनंती एवढीच की, पाहुण्यांच्या वस्तूस नावे ठेवण्यापूर्वी तिच्या तळाची पट्टी वाचावी. आणि आपल्या पद्धतीचा अभिमान मिरविण्यापूर्वी, भिंतीतील तिसऱ्या भोकामागे तार आहे किंवा नाही, हे एकदा जाणत्या माणसाकडून पाहून घ्यावे.