तासाचा भाव

माणसाच्या एका तासाची किंमत किती, हा प्रश्न आपल्या ऋषिमुनींना कधी पडलेला दिसत नाही. आत्मा म्हणजे काय आणि ब्रह्म म्हणजे काय, यावर त्यांनी भरपूर खल केला. पण तासाच्या भावाचं त्यांना काही पडलं नव्हतं. कारण उघड आहे. आश्रमात शिष्य होते. लाकडं शिष्य आणत, गाई शिष्य राखत, आणि भांडी घासायची वेळ आली तर तीही त्यांच्यावरच येत असणार. धौम्य ऋषींच्या शेताचा बांध फुटला तेव्हा आरुणी स्वतःच बांधात आडवा पडला आणि त्यानं पाणी अडवलं. गुरूंनी प्रसन्न होऊन त्याला आशीर्वाद दिला, उद्दालक असं नवं नाव दिलं. ओव्हरटाइम दिल्याचा उल्लेख महाभारतात नाही.

मला मात्र हा प्रश्न धंद्यानंच चिकटला. पिंपरीच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं टाइम ऑफिसात काढली. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे टिपून ठेवायचं आणि त्यावर पोट भरायचं. दुसऱ्यांचे तास मोजण्यात स्वतःची हयात घालवलेला माणूस मी. तेव्हा परवा रविवारी धाकट्या चिरंजिवांनी लॅपटॉप माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही टाइम ऑफिसातले, जरा बघा," तेव्हा मला मनातून गुदगुल्याच झाल्या.

चिरंजीव हिंजवडीला असतात. म्हणजे राहतात बाणेरला, पण असतात हिंजवडीला. त्यांना बढती येऊ घातली आहे. पगार चांगला वाढतो, पण काम अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणं. संध्याकाळी आपल्याकडं वरण-भात लावायची वेळ झाली की तिकडचे लोक चहा पिऊन ताजेतवाने होऊन बोलायला बसतात. त्यामुळं घरातलं जे काही थोडंफार हे करतात, ते सगळं विकत घ्यावं लागणार. स्वयंपाकाच्या मावशी दोन वेळा, झाडू-पोछा-भांड्याच्या मावशी, मुलांना क्लासला सोडणारा एक माणूस, इस्त्रीवाला. या सगळ्याची बेरीज करून ती वाढीव पगारातून वजा केली होती आणि खाली हिरव्या चौकटीत बाकी उरत होती. हिशेब चोख होता. माझ्या मस्टरपेक्षा सुबक.

"आणि मावशी आल्या नाहीत तर?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"नाही येत असं होतच नाही. त्या बदली पाठवतात."

"कोण येतं बदली?"

"असेल कुणीतरी. भाची वगैरे."

हे वाक्य ऐकून आमची ही आतून बाहेर आली आणि चिरंजिवांकडं न बघता माझ्याकडं बघायला लागली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिनं माझ्याकडं असंच बघितलं होतं.

साल 1980. आम्ही सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. ही महानगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण. मोठी मुलगी तीन वर्षांची. आमच्याकडं धुण्याभांड्याला एक बाई येत. 72 च्या दुष्काळात करमाळ्याकडून पुण्याला आलेलं कुटुंब, दांडेकर पुलाजवळ राहणारं. आमच्या वाड्यात बाईंना 'बाई' म्हणायची पद्धत होती आणि पुढं क्रियापद एकेरी. 'बाई आली का?' 'बाई गेली.' मान नामाला द्यायचा आणि क्रियापदातून परत काढून घ्यायचा, ही सोय मराठीइतकी दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं वाटत नाही. पुढं या कामाला 'मोलकरीण' म्हणणं जाऊन 'कामवाली' आलं, आता 'मावशी' आणि सरकारदरबारी 'घरेलू कामगार'. तेव्हा मोलकरीण हाच शब्द होता आणि त्यातला 'मोल' हा भाग फारसा कुणी ऐकत नसे.

मोल होतं महिना पंचवीस रुपये. आणि माझा ओव्हरटाइमचा दर होता तासाला आठ रुपये साठ पैसे, कारण 1948 च्या फॅक्टरी कायद्यानं दिवसाचे नऊ किंवा आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ओलांडले की दुप्पट मजुरी ठरवून दिलेली होती. म्हणजे महिन्यातून तीन तास जादा बसलो की महिनाभराची धुणीभांडी सुटली! तीन तासांत तीस दिवस! या हिशेबाचा मला इतका आनंद झाला होता की मी तो वाड्यात सगळ्यांना ऐकवत असे. आमच्या वर एक अर्थशास्त्राचे प्राध्यापक राहत. ते म्हणाले, तुम्ही नकळत रिकार्डो झालात. 1817 साली रिकार्डोनं इंग्लंडचं कापड आणि पोर्तुगालची दारू घेऊन दाखवून दिलं होतं की, दोन्ही गोष्टी एकाला जास्त चांगल्या जमत असल्या तरी ज्यानंत्यानं आपल्याला त्यातल्या त्यात परवडतं ते करावं आणि बाकीचं दुसऱ्याकडून घ्यावं. "तेव्हा समजा, तुम्ही बाईपेक्षा चांगली भांडी घासत असाल, तरीसुद्धा तुम्ही ओव्हरटाइमच करावा." मी भांडी कशी घासतो याची कसोटी तोवर लागायची होती, म्हणून मी मान डोलावली.

प्राध्यापकांनी पुढं पिगू नावाच्या एका इंग्रज पंडिताचंही सांगितलं. एखाद्यानं आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न तेवढ्यानं घटतं; काम तेच, पण पगार बंद. आमची ही वाटाणे सोलत होती. तिथूनच म्हणाली, "म्हणजे माझ्याशी लग्न करून यांनी देशाचं नुकसान केलं म्हणायचं." प्राध्यापक जिना चढून वर गेले.

त्याच साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. गिरणीत संप होतो, एसटीत होतो, हे आम्हांला ठाऊक होतं. पण मोरीत संप होतो हे नवीन होतं. पगारवाढ हवी आणि भरपगारी रजा हवी, अशा त्यांच्या मागण्या. त्यातूनच पुढं पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आमच्या बाई आदल्या दिवशी येऊन सांगून गेल्या, "वहिनी, उद्यापासून येत नाही. चाळीस रुपये आणि महिन्याला दोन खाडे. दादांना सांगा." मी तिथंच दोन हातांवर उभा होतो, पण निरोप हिच्यामार्फत.

मला राग आला. ज्या कारखान्यात युनियन होती तिथं मी वर्गणी भरत होतो आणि मजुरांचे हक्क या विषयावर बोलायला मला आवडत असे. पण मजूर आपल्याच मोरीत बसलेला असला की हक्क जरा वेगळे दिसतात. "चाळीस म्हणजे किती माहितीय? माझे पावणेपाच तास!" मी म्हणालो. "आणि भरपगारी खाडे? काम न करता पगार?" ही म्हणाली, "तुम्हांला किती रजा आहेत?" मी गप्प बसलो आणि बाह्या वर करून म्हणालो, "काही अडत नाही. मी घासतो."

पहिल्या दिवशीचा तपशील मी टाइम ऑफिसच्या सवयीनं लिहून ठेवला आहे. भांडी एकसष्ट. दोन खोल्यांच्या संसारात एकसष्ट भांडी असतात हे मला लग्नाच्या सहाव्या वर्षी कळलं. त्यातली चौदा निव्वळ वाट्या. दुधाचं पातेलं बुडाशी लागलेलं, त्यावर राख आणि नारळाची शेंडी यांचा प्रयोग पंचवीस मिनिटं. मग धुणं. चादर पिळायला दोन माणसं लागतात. बाई एकटी कशी पिळत असेल, हा प्रश्न मला तोवर शिवलाही नव्हता. एकूण वेळ दोन तास पंधरा मिनिटं. बाईंना हे सगळं करायला एक तास लागत असे. म्हणजे रोजचे त्र्याऐंशी पैसे तासाभरात त्या कमवत, आणि तेच काम करताना माझा भाव पडत होता तासाला सदतीस पैसे. कारखान्यात आठ रुपये साठ, मोरीत सदतीस पैसे. माणूस तोच, हातही तेच.

चौथ्या दिवशी रविवार होता आणि मला ओव्हरटाइम होता. मी मोठ्या उमेदीनं निघालो, कारण ओव्हरटाइम म्हणजे मोरीतून सुटका. रात्री परत आलो तर भिंतीवर टाइम ऑफिसचं एक कोरं कार्ड टाचणीनं लावलेलं. मी कधीतरी मुलीला चित्रं काढायला आणलेलं असणार. त्यावर हिच्या वळणदार अक्षरांत नोंदी होत्या. आत : पहाटे 4.45. नळाला पाणी. धुणं. भांडी. रॉकेलची रांग, 2 तास 10 मिनिटं. दळण. मुलीला ताप, औषध. वह्या तपासणे, 42. बाहेर : रकाना मोकळा. आमच्या कारखान्यातलं घड्याळ उशिराचे आकडे लाल शाईत छापत असे. हिनंही शेवटच्या रकान्यात लाल पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

मी जादा थांबून जे तास विकत होतो, ते माझे एकट्याचे नव्हतेच. त्यांतले निम्मे मी हिच्या खात्यातून उचलत होतो आणि स्वतःच्या नावावर वटवत होतो. पगारपत्रकात हा व्यवहार कुठं दिसत नाही. 2019 साली सरकारनं देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तेव्हा घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा सरासरी वेळ निघाला 299 मिनिटं आणि पुरुषांचा 97. हे 97 देखील घरकाम करणाऱ्याच पुरुषांची सरासरी. चारांतले साधारण तीन पुरुष त्या वाटेलाच गेले नव्हते, ते हिशेबात धरलेले नाहीत. आमच्या वेळी अशी पाहणी झाली असती तर मी या तिघांतच सापडलो असतो. संपाचे दिवस सोडून.

पण हिनं माझ्याकडं जे बघितलं, ते या कार्डाच्या वेळी नव्हे. ते त्यानंतर दोन दिवसांनी.

मी सहज म्हणालो होतो की बाईंचा संप आहे ते ठीक, पण त्यांच्या मुलीला पाठवायला काय हरकत आहे? बाई आजारी असल्या की त्या आपली थोरली मुलगी बदली म्हणून पाठवत. दहा-अकरा वर्षांची पोर. बदली पाठवली नाही तर त्या दिवसाचे पैसे आम्ही कापत असू. सगळा वाडाच कापत असे. पोर मोठी चुणचुणीत. सकाळी साडेसातच्या ठोक्याला हजर. "एकदाही लेट नाही," मी कौतुकानं म्हणालो. टाइमकीपरकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

ही हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ती आमच्याच शाळेत आहे. पाचवीत, माझ्या वर्गात. ती इथं साडेसातला येते त्या दिवशी सकाळी मी हजेरीपटावर तिची गैरहजेरी मांडते. दुपारी घरी आले की तिनं घासलेली भांडी फळीवर लावते. या संपाच्या दिवसांत ती रोज शाळेत आलीय."

मी विचारलं, "मग तू इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मला सकाळी साडेसातला शाळेत पोचायचं असतं," ही म्हणाली. "भांडी कुणी घासायची?"

यावर ती रडली वगैरे नाही. मीही काही फार थोर बोललो नाही. पण रिकार्डोचं गणित तिथं मला पहिल्यांदा अडलं. माझा तास महाग म्हणून मी बाईंचा स्वस्त तास घेतला, बाईंचा तास चार घरांत गेला म्हणून त्यांच्या घरचं पाणी, चूल आणि धाकटी भावंडं त्या पोरीच्या तासात बसवली, आणि तिचा तास फुकट असल्यामुळं तो कुठल्याच वहीत लिहिला गेला नाही. इंग्लंड आणि पोर्तुगालच्या खाली तिसरा देश असतो. त्याला पाचवीत जायचं असतं.

आमच्या वाड्यापुरता संप नवव्या दिवशी मिटला. पस्तीस रुपये आणि दोन भरपगारी खाडे. हिनं आमच्या घरापुरती एक अट वाढवली, बाईंना नव्हे, मला : खाड्याच्या दिवशी बदली यायची नाही, भांडी मी घासायची, ओव्हरटाइम असला तरी. ते पाच रुपये कमी का केले, याचं मला आजही उत्तर देता येत नाही. वाड्यानं ठरवलं, मी मान डोलावली. चाळीस देणं मला पावणेपाच तासांत सहज जमलं असतं.

त्यानंतर मी अगदी सुधारलो असं नाही. पुढं बढती मिळाली आणि बढती मिळालेल्यांना ओव्हरटाइम नसतो, तेव्हा मोहच संपला. बाई आमच्याकडं आणखी अकरा वर्षं होत्या. मुलगी नववीपर्यंत शिकली, मग तिचं लग्न लावून दिलं. दहावी व्हायला पाहिजे होती, असं ही अजून म्हणते. 2008 साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, तेव्हा ती बातमी हिनं दोनदा वाचली आणि म्हणाली, "अठ्ठावीस वर्षं लागली." मी हिशेब केला. बरोबर होता.

हे सगळं मी परवा चिरंजिवांना सांगितलं. सूनबाई मध्येच म्हणाली, "बाबा, यांच्या त्या हिशेबात संध्याकाळी सात ते अकरा घरात कोण असणार, ते कुठं लिहिलंय बघा ना." मी चष्मा लावून बघितलं. कुठं नव्हतं. चिरंजीव म्हणाले, "ती तर घरीच असते त्या वेळी." मग आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी हिरवी चौकट उगाचच खाली-वर केली.

"आणि ती भाची केवढी आहे?" हिनं विचारलं.

"माहीत नाही. विचारतो."

एवढ्यात फोन वाजला. तिकडं अमेरिकेत रविवारीही कुणीतरी उठून बसलं होतं. चिरंजीव गॅलरीत गेले. मावशींचा त्या दिवशी खाडा होता आणि सिंकमध्ये ढीग होता. घरात भांडी धुण्याचं यंत्र आहे, पण ते कढई आणि कुकर यांना नाही म्हणतं. मी बाह्या वर केल्या. सूनबाईनं मोजली, सत्तेचाळीस भांडी. मला एक तास पाच मिनिटं लागली. त्यात धुणं नव्हतं.