बुडीत खाते

आमच्या बँकेत ‘बुडीत’ हा शब्द उच्चारला की मॅनेजरसाहेबांचा चेहरा उतरतो. भंडारा जिल्ह्यात तोच शब्द धरणाच्या नकाशावर सापडतो आणि तिथे त्याला कुणी दचकत नाही. हे दोन्ही अर्थ काउंटरच्या अलीकडे बसून मी गेली वीसेक वर्षे पाहतो आहे. पण त्यांची गाठ घालून दिली ती आमच्या साडूंच्या चिरंजीवांनी.

हे चिरंजीव अमेरिकेत असतात. (साडूंचे चिरंजीव अमेरिकेतच असतात. आपले बारावीला असतात.) मध्यंतरी त्यांनी न्यू ऑर्लिन्सला मिसिसिपी नदीत वाफेच्या बोटीतून सफर केली आणि फोटो पाठवले. बोटीच्या मागे भले थोरले लाल चाक, वर धुराडे, आणि नदीकाठचे पांढऱ्याशुभ्र खांबांचे वाडे. खाली मजकूर : ‘काका, इथे किती शांत वाटतं!’ वाटणारच. ते वाडे उभे राहिले उसाच्या आणि कापसाच्या पैशांवर, आणि ऊस-कापूस पिकवला गुलामांनी. ज्यांना याच नदीतून बोटींत घालून विकायला नेत, त्यांना हा काठ काही शांत वाटला नसेल. मी तसे कळवले. उत्तरादाखल एक अंगठा आला.

आता मिसिसिपीचा आणि आमच्या वैनगंगेचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. तर आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि साहेबाला एकदम मध्य प्रांताचा पुळका आला. इथला कापूस समुद्रापर्यंत न्यायचा कसा? तर गोदावरी, प्राणहिता, वर्धा, वैनगंगा अशा नद्यांतून आगबोटी चालवून! या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते सर आर्थर कॉटन. (कापूस वाहायला कॉटनसाहेब म्हणजे आमच्या वसुली अधिकाऱ्याचे आडनाव ‘उधारे’ असण्यातला प्रकार.) पण दुम्मागुडम, इंचमपल्ली, देवलमरी इथले खडक आडवे आले. पैसा अक्षरशः पाण्यात गेला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली आणि १८७१ साली नद्यांतले काम सोडून दिले. भंडाऱ्याच्या घाटावर आगबोटीचा भोंगा काही वाजला नाही.

आगबोट आली नाही. पाणी मात्र आले. गोसीखुर्दच्या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. अंदाजपत्रक होते ३७२ कोटींचे. ते पुढे अठरा हजार कोटींच्या पलीकडे गेले. (घरबांधणीच्या कर्जाचेही असेच होते, शून्ये तेवढी कमी.) अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे उद्दिष्ट. ज्यांच्या धानाला पाणी मिळाले ते दुवा देतात, आणि तो दुवा खोटा नाही. पण भंडारा-नागपूरकडची गावेच्या गावे त्या पाण्याखाली गेली, आणि आता त्याच पाण्यावर आपण सहलीला जातो.

आम्हीही गेलो, अंभोऱ्याला. पाच नद्यांचा संगम. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथेच लिहिला असे आमचे लोक मानतात आणि अंबेजोगाईचे मानत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला तारांचा भव्य पूल डोक्यावर, हातात चिवड्याचा पुडा, आणि नाववाला सहज म्हणाला, “आता आपण आमच्या गावावर आलो जी.”

चिवडा घशात अडकला. त्यांना मोबदला मिळालेला असतो हे मला ठाऊक होते, कारण तसला मोबदला याच हातांनी मोजून दिला आहे. एक म्हातारी दर महिन्याला पासबुक घेऊन यायची. काढायचे काही नसे. “पैसे जागेवर आहेत ना जी?” एवढेच विचारायची. शेत जागेवर आहे की नाही हे तिला जन्मात विचारावे लागले नव्हते.

आमचा एक सहकारी म्हणतो, असे मनाला लावून घ्यायचे तर मुंबईत पाऊल टाकता येणार नाही. प्रत्येक शहराखाली कुणाचे तरी गाव असते. बरोबर आहे. पवनीला १९६९-७० साली जगन्नाथ टेकडी खणली, दोन हजार वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप निघाला. आपण तो पाहतो, शेंगदाणे खातो, कुणाचे काळीज हलत नाही. मिसिसिपीकाठच्या गुलामीला दीडशे वर्षे उलटून गेली, तिथे तिकीट लावून फिरवतात. मग दुःखाला किती वर्षे झाली म्हणजे त्याचे प्रेक्षणीय स्थळ करायला हरकत नाही? साध्या कर्जाच्या दाव्याला कायद्याने तीन वर्षांची मुदत, तारण असेल तर बारा. गावाला किती? आणि गाव तारण होते की विनातारण?

मला वाटते, वर्षे मोजून हे सुटायचे नाही. ज्याचे बुडाले तो समोर वल्हे धरून बसला असताना मुदत संपली असे म्हणणारे आपण कोण? बरे, लाज वाटून नावेतून उतरावे, तर त्याची रोजी बुडते. एकदा बुडाले ते कमी झाले का?

“तुम्हाला राग नाही येत, आम्ही असे मजा करायला येतो त्याचा?” मी विचारले.

“राग कायचा जी? या ना. पण लोक पानी किती खोल हेच विचारतात. गावाचं नाव कोनी विचारत नाही.” मग माझ्याकडे पाहून म्हणाला, “तुम्ही मधात बसा साहेब. नाव हलून राहिली.”

मी मध्ये बसलो. सौभाग्यवतींनी गावाचे नाव विचारले. मग विहीर कुठे होती ते विचारले, पिण्याची वेगळी होती का तेही. त्याने वल्हे आवरले, डावीकडे बोट दाखवले, जरा विचार करून ते थोडे उजवीकडे सरकवले आणि तसेच धरून ठेवले. शेजारच्या नावेतल्या मंडळींना वाटले, मगर दिसली. त्यांनी भराभर तिकडचे फोटो काढले.