काहीच झालं नाही म्हणून

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला कॉर्नवॉलचा किनारा आहे, सगळा खडकाळ. त्याच्या पार टोकाशी लँड्स एंड, आणि तिथून साधारण दोन किलोमीटरवर समुद्रात लाँगशिप्स नावाचे खडक. त्यांवर दीपगृह आहे. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत, १८९८ साली, ‘ब्लूजॅकेट’ नावाची मालवाहू आगबोट या खडकांवर चढली. रात्र स्वच्छ होती. ज्या दिव्यानं ‘इकडे येऊ नका’ म्हणून सांगायचं, त्याच्याच पायथ्याशी बोट आदळली. दीपगृहच थोडक्यात वाचलं म्हणायचं! सेननच्या जीवरक्षक नावेनं खलाशांना सोडवून आणलं. ही हकिगत ऐकली की आधी हसूच येतं.

आता दुसरी ऐका. तेच वर्ष, तोच कॉर्नवॉल. १४ ऑक्टोबरला ‘मोहेगन’ ही लंडनहून न्यूयॉर्कला निघालेली प्रवासी आगबोट मॅनॅकल्स नावाच्या खडकांवर गेली. संध्याकाळच्या जेवणाची वेळ होती. पाव तासाच्या आत बोट बुडाली. पोर्थूस्टॉकच्या नावेनं ४४ जणांना वाचवलं, पण १०६ माणसं गेली. त्यांतल्या कितीतरी जणांना सेंट केव्हर्नच्या चर्चच्या आवारात एकत्र पुरलं. बोट चुकीच्या दिशेनं चालली होती, एवढं चौकशीत निघालं. का चालली होती, हे सांगायला कप्तानही उरला नव्हता आणि त्याचे अधिकारीही.

दोन्ही बोटी जायला नको तिथं गेल्या. मग एकीला आपण हसतो आणि दुसरीच्या कप्तानाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो, ते कशाच्या जोरावर?

घरातलंच उदाहरण घेऊ. दोन घरांत दोन बायकांनी उकळत्या आमटीचं पातेलं ओट्याच्या अगदी काठावर ठेवलं. एका घरात पोर बाहेर खेळत होतं. दुसऱ्या घरात ते धावत आलं आणि त्यानं पातेलं ओढलं. दुसरीला सासर, माहेर, शेजार सगळे मिळून बोलणार. पहिलीला कोण बोलणार? तिला स्वतःलासुद्धा काही कळणार नाही. उद्याही पातेलं काठावरच राहील.

कुणी म्हणेल, ‘अहो, पोर भाजलं आणि पोर वाचलं, हे सारखं कसं होईल?’ सारखं नाहीच. ज्यांचं माणूस गेलं त्यांना ‘दोष दोघांचाही तेवढाच’ हे तत्त्वज्ञान सांगायला जाणं म्हणजे क्रूरपणा. पण इथं प्रश्न एक नाही, दोन आहेत. जे घडलं त्याचं देणं किती, हा एक. आणि मी बेसावध किती होते, हा दुसरा. देणं परिणामावर ठरतं. ज्याच्या हातून नुकसान झालं त्यानं ते भरून द्यावं, जन्मभर द्यावं लागलं तरी. बेसावधपणा मात्र परिणामाच्या आधीच पुरा झालेला असतो. पातेलं काठावर ठेवलं त्या क्षणीच तो घडला. पुढं पोर आलं की नाही, हा तिच्या हातातला भाग नव्हे.

आपण या दोन प्रश्नांची गल्लत करतो, आणि ती नेहमी आपल्या सोयीची असते. दुसऱ्याच्या हातून अनर्थ झाला की त्याचा स्वभावच वाईट ठरवतो. आपल्या हातून तसंच काही होऊन निभावलं, की ‘काहीच झालं नाही ना!’ म्हणून हात झटकतो. निभावलं ते नशिबानं, आणि श्रेय घेतो आपण.

मला वाटतं, हिशेब उलटा मांडावा. ज्याच्या हातून अनर्थ झाला, त्याला जाब विचारायला जग आहे. त्याच्याशी बोलताना आपण जरा हळू बोलावं. जिथं काहीच झालं नाही, तिथं विचारायला कुणी येत नाही. ना चौकशी, ना रडणारं माणूस. तिथं विचारणारं एकच कुणी असू शकतं, आणि ते म्हणजे आपण स्वतः. पोर खेळून घरात यायच्या आत पातेलं मागं सरकवायला हवं.