पुढे धाडलेल्या शब्दाचा धनी कोण?

तोंडातून गेलेला शब्द आपला, हे सारेच मानतात. पण दुसऱ्याचा शब्द फोनवरून पुढे धाडला, तर तो कुणाचा? माळ घालताना आपण खरे बोलण्याचा नेम घेतो. तो नेम जिभेपुरताच, की बोटालाही लागू?

मनाच्या खोडी मोठ्या नवलाच्या. बाजारात अनोळखी माणसाने काही सांगितले तर आपण दहा प्रश्न विचारतो. तेच भावकीतल्या कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर धाडले की प्रश्न संपले! दुसरी खोड अशी की, तीच गोष्ट वारंवार कानी आली की खरी वाटू लागते. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली प्रयोगाने हेच दाखविले. चौघांनी धाडले म्हणजे चार साक्षीदार झाले असे वाटते. प्रत्यक्ष पाहणारा त्यांत एकही नसतो.

कुणी म्हणेल, 'यात बिघडले काय? सावधच केले ना!' महाड-पोलादपूरच्या माणसाने तरी असे म्हणू नये. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई येथे दरडी कोसळल्या. २०२१ साली आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. २२ जुलैला तळिये गाडले गेले, ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तोच घाला पडला. अशा मुलखात झड लागली, सावित्री फुगली, की डोंगरपायथ्याच्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांना झोप कुठली? अशा रात्री जुन्या दरडीचे चित्र 'आत्ताचे' म्हणून आले, तर कुणी अंधारात भरला ओढा ओलांडायला निघेल. आणि चारदा खोटे निघाले, तर पाचव्यांदा खऱ्या इशाऱ्यालाही माणूस कूस बदलून झोपेल.

तिसरी खोड सर्वांत लबाड. धाडून झाले की मनाला सेवा घडल्याचे समाधान मिळते. बोट हलले, पाय काही हलले नाहीत! वाडीवरच्या एकट्या म्हातारीच्या दारी जाऊन 'आजी, चला शाळेत,' म्हणणे, ही सेवा.

भजनात पुढच्याची चाल चुकली आणि मागच्यांनी न ऐकता तीच उचलली, तर बेसूर एकट्याचा राहतो काय? तसेच हे. म्हणून आम्ही म्हणतो, धाडण्याआधी तीन गोष्टी विचाराव्या : कुणी पाहिले, कुठे, आणि कधी? पोलीस पाटलाला नाहीतर तहसील कचेरीत विचारून घ्यावे. उत्तर नाही मिळाले, तर ते आपल्यापाशीच थांबवावे. आणि खोटे निघाले, तर जिथे धाडले तिथे तसे कळवावे. त्यात कसली लाज? धाडलेल्या शब्दाचे धनी आपणच.

रामकृष्णहरी!